काल्याचं लोणी

सुभद्रा परबचा उजवा हात गेला तेव्हा वाडीतल्या बायका भेटायला आल्या आणि भेटण्यापेक्षा रडल्याच जास्त. सुभद्रा रडली नाही. खाटेवर पडल्या पडल्या तिने एकेकीचं ऐकून घेतलं, आणि शेवटची बाई डोळे पुसत उठली तेव्हा म्हणाली, "जाताना पडवीतल्या रवीर फडको घाल गो. धूळ बसता." तोंड एका बाजूला वाकडं झालेलं, अर्धे शब्द ओठातच अडकत होते, पण हुकूम बरोबर पोचला. बाई मुकाट्याने फडकं घालून गेली.

अशी ती बाई. नवरा बाबू एसटीत ड्रायव्हर होता. आयुष्यभर मालवण-कोल्हापूर गाडी घेऊन फोंडा घाट चढला-उतरला. घाटातल्या वळणांना तो कधी घाबरला नाही, पण सुभद्रा चुलीपाशी गप्प बसली की तो अंगणातच घुटमळायचा. एकुलती एक मुलगी तन्वी लग्न होऊन कोल्हापूरला गेली. बाबू निवृत्त झाला. मसुऱ्याच्या अलीकडच्या त्या घरात आता दोघंच, मागे काजूची बाग, पुढे भाताची चार खाचरं आणि पडवीत रवी.

रवी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर वरण घोटायची ती वीतभर काठी येईल. ती नव्हे! ही रवी उभी केली की सुभद्रेच्या खांद्याला लागते. फणसाच्या लाकडाची, वरपासून खालपर्यंत एकसंध, आणि टोकाला पाकळ्या कोरलेलं भलंमोठं बोंड. पलीकडच्या वाडीतल्या आग्नेल सुताराच्या आज्याने केलेली. पडवीच्या खांबाला वेताच्या दोन कड्या आहेत, एक वर, एक खाली. त्या कड्यांतून रवी सरळ उभी राहते आणि बोंड खाली चुंबळीवर ठेवलेल्या मातीच्या डेऱ्यात बुडतं. मधोमध दोराचे वेढे घ्यायचे, दोराची दोन टोकं दोन हातांत धरायची, एक ओढायचं, दुसरं सोडायचं. रवी गर्रकन इकडे फिरते, गर्रकन तिकडे. झालं ताक. "एवढाच मा?" असं म्हणणारे सुभद्रेने पुष्कळ पाहिले होते. त्यांना ती पाट देऊन बसवायची. थोड्याच वेळात ते खांदा चोळत उठायचे आणि ती त्यांना वाटीभर ताक देऊन वाटेला लावायची.

पण ही रवी नुसती घरची नव्हती, देवाची होती. वाडीतल्या विठ्ठलाच्या देवळात गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी दहीकाला होतो. पोहे, दही, काकडी, लोणचं, सगळ्यांच्या घरून येतं. लोणी मात्र एकाच घरून यायचं, परबांच्या. तोच त्यांचा मान. लोणी रवीनेच काढलेलं हवं आणि ते घरच्या सुनेच्या हातचं हवं. मुलीच्या नाही, कारण ती परघरची. पुरुषाच्या तर नाहीच नाही. आणि ज्या घरी मान, त्या घरी रवी. मान हलला तर रवीही हलली. तिकडे मानपान म्हणजे काय चीज आहे हे ज्याला ठाऊक नाही त्याने तिकडच्या देवळात एकदा चुकीच्या जागी बसून बघावं!

सुभद्रा लग्न होऊन आली त्या श्रावणात सासूने दोर तिच्या हातात दिला होता आणि पुन्हा कधी परत मागितला नव्हता. तेव्हापासून काल्याला तिचंच लोणी. एरवी बोलायला ती फटकळ, भांडायला कुणाला हार न जाणारी, पण काल्याच्या दिवशी डोक्यावर पदर घेऊन केळीच्या पानावर लोण्याचा गोळा नेताना तिच्या चेहऱ्यावर जे तेज असायचं ते नवरीच्या चेहऱ्यावरही नसतं. बाबू म्हणायचा, "लग्नात पण इतकी हसूक नव्हती." त्यावर ती म्हणायची, "लग्नात तुमी दिसलास ना."

तर शिमग्याच्या आधी अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. पाय महिन्या-दोन महिन्यांत सावरला, तोंड सरळ झालं आणि तोंडाची धार तर होती त्याहून वाढली. हात मात्र आला नाही. व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. ती चेंडू दाबायला सांगायची. सुभद्रा डाव्या हाताने उजवा उचलायची, मांडीवर नीट ठेवायची, त्यात चेंडू द्यायची आणि त्याच्याकडे बघत बसायची. चेंडू घरंगळून जायचा. ती तो पुन्हा उचलायची. "हट्टी आसा मेलो," म्हणायची, "माझोच मा!"

आषाढात सुशीला आली. सुशीला तिची चुलत जाऊ, एकाच घराण्यातली सून. पलीकडे तिचं नवं स्लॅबचं घर, आणि गेल्याच वर्षी तिने सृष्टी नावाची चांगली धट्टीकट्टी सून करून आणलेली. सुशीला वाईट बाई नव्हती. सुभद्रा आजारी असताना पेज तिनेच करून घातली होती. पण मान हा शब्द ओठावर आला की कोकणातल्या चांगल्या चांगल्या बायकांची पेज गार होते.

चहा झाला. पावसाचं बोलून झालं. मग सुशीला म्हणाली, "सुभद्रा, वायट मानू नको. औंदा तुका जमाचा नाय. देवाचा काम अडान ऱ्हवता नये. माझी सृष्टी आसा. दोर ओढूक येता तिका."

सुभद्रेने कप खाली ठेवला. बाबू आत चुलीपाशी उभा होता, त्याने श्वास धरला.

"देवळाच्या गावकरांका मी इचारलंय," सुशीला पुढे म्हणाली. "ते म्हणतत, सुभद्रेन आपणाहून दिल्यान तर बरा."

"म्हणजे रवी न्हेऊक इलंस," सुभद्रा म्हणाली.

"मान गेलो तर रवी जातलीच गो. तसा आसाच मा पयल्यापासून."

सुभद्रेने खांबाकडे पाहिलं. रवीवरचं फडकं एका बाजूने सरकलं होतं आणि खालची तुळतुळीत झालेली लाकडी मान दिसत होती. दोराने घासून घासून तिथे खाचा पडल्या होत्या, त्यातल्या अर्ध्या तरी सुभद्रेच्याच. ती रवी त्या पांढऱ्या टाइल्सच्या घरात नेऊन उभी केलेली तिच्या डोळ्यांपुढे आली आणि तिच्या अंगाची लाही लाही झाली. हात गेला तेव्हा असं झालं नव्हतं.

"ऐक," ती म्हणाली. "काल्याच्या सकाळी ये. गावकरांका घेऊन ये. तुमच्या समोर घुसळतंय. लोणी इला नाय तर रवी खांद्यार घालून घेऊन जा, मी दारापर्यंत सोडूक येतंय."

"एका हातान?"

"माझ्या घोवाचे दोन हात काय देवान नुसते स्टेअरिंग धरूक दिल्यान?"

बाबूने आत धरलेला श्वास तसाच राहिला.

सुशीला गेल्यावर बाबू बाहेर आला. "गो, दोर सुनेन ओढूचो असता. माका चलाचा नाय."

"एक शेवट माझ्या हातात, एक तुमच्या. मोठ्या डेऱ्याक दोघा लागतत, सगळ्यांका म्हायत आसा. सासू माझ्या समोर बसान दुसरो शेवट धरी. तेव्हा कोण काय म्हणूक नाय."

"सासू बायलमाणूस होती."

"तुमी काय कमी आसास? बसा तिकडे."

गावकर दाजींकडे ती स्वतः काठी टेकत गेली. दाजी म्हातारा माणूस, देवळात सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणारा, शब्द तोलून बोलणारा. त्यांनी सगळं ऐकलं, सुपारी कातरली आणि म्हणाले, "दुसरो शेवट कोणीय धरूंदे. तुझ्या हातातलो शेवट सुटता नये. लोणी तुझ्या हातचा होया." एवढी परवानगी सुभद्रेला पुरे होती.

आपली म्हैस आजारपणात विकली होती, पण शेजारच्या जेसिंताची होती. जेसिंता दर श्रावणात दूध द्यायची आणि दर श्रावणात तेच सांगायची, "तुमच्या कृष्णाक माझ्याच म्हशीचा लोणी गोड लागता, काय करतलो बिचारो!" तिने विरजणाला दाट सायीचं दूध दिलं आणि पडवीत बसून शिकवणीची मजा बघायलाही आली. मजा होतीच तशी.

बाबू पाटावर बसला. समोर सुभद्रा. मधे डेरा. बाबूने दोर दोन्ही हातांनी आवळून धरला आणि असा ओढला की रवीने कडीत उडी मारली, डेरा चुंबळीवरून कलला आणि दही बाबूच्या बनियनवर.

"ओ! घाट चढतास काय?"

"जोर नको लावूक?"

"जोर नको. सोडूक शिका. मी वडतंय तेव्हा तुमी सोडूचो. तुमी वडतास तेव्हा मी सोडतंय."

हे सोडणं बाबूला काही केल्या जमेना. आयुष्यभर पकड घट्ट ठेवण्याचा पगार घेतलेला माणूस. वळणावर हात ढिला पडला तर गाडी दरीत, हे त्याच्या हाडात मुरलेलं. सुभद्रेने ओढलं की तोही विरुद्ध बाजूने ओढून धरायचा. रवी मधेच अडायची, थरथरायची आणि सुभद्रेच्या डाव्या खांद्यातून कळ निघायची. ती कळ तिने कधी दाखवली नाही. शिव्या मात्र दिल्या. जेसिंता हसून हसून खांबाला टेकली. तिनेच मग एक युक्ती सांगितली. गाडीतली घंटी आठव म्हणाली. तुझ्या कंडक्टरने एक घंटी दिली की थांब, दोन दिल्या की चल. मग सुभद्रा म्हणायला लागली, "डबल! सिंगल! डबल! सिंगल!" आणि बघता बघता बाबूचा हात सिंगलला सुटायला लागला. सिंगलला सोड, डबलला ओढ. पडवीत रवी घुमायला लागली.

वाडीत बातमी पसरायला वेळ कितीसा लागणार! बाबू दुकानात गेला की पोरं विचारायची, "बाबूवैनी, ताक झाला काय?" बाबू पहिल्या दिवशी कावराबावरा झाला. घरी येऊन बोलला. सुभद्रा म्हणाली, "वाटी घेऊन ये म्हणान सांगा." दुसऱ्या दिवशी त्याने तसंच सांगितलं आणि ती टारगट पोरं खरंच वाट्या घेऊन आली. ताक प्यायली. पुन्हा कुणी वैनी म्हटलं नाही, सरळ "ताक आसा काय?" असं विचारायला लागली.

तन्वीचा कोल्हापूरहून रोज फोन. "आई, हट्ट सोड. नाहीतर मिक्सरला लावून गोळा कर, कोण बघायला येतंय?" सुभद्रेने फोन कानापासून लांब धरला आणि बाबूला म्हणाली, "तुमच्या चेडवाक सांगा, देव बघूक येता." मग फोन कानाला लावून अगदी गोड आवाजात म्हणाली, "बाळा, जेवलंस?"

श्रावण सरत आला तसा लोण्याचा गोळा मोठा होत गेला. सुभद्रेचा डावा हात पिळदार झाला. रात्री खांदा ठणकायचा, बाबू तेल लावायचा. पण तिच्या मनात शंका म्हणून नव्हती. "सुशीला येतली आणि हात हलवीत जातली," असं ती रोज एकदा तरी म्हणायची, आणि दर वेळी तिला बरं वाटायचं.

काल्याचा दिवस उजाडला तो गारठा घेऊन. रात्रभर पावसाची झड लागलेली. पडवीची जमीन ओली, दह्याचं भांडं दगडासारखं थंड. सुशीला आली, तिच्याबरोबर दाजी. जेसिंता आधीच येऊन बसली होती. सुभद्रा न्हाऊन, हिरवं लुगडं नेसून, कपाळाला कुंकू लावून पाटावर बसली. उजवा हात उचलून तिने मांडीवर ठेवला. डाव्या हाताला दोराचं टोक गुंडाळून घेतलं.

"डबल," ती म्हणाली.

रवी फिरायला लागली. दही मोडलं, फेस आला, फेस वर चढला. दोघांची लय अशी जमली की सुशीलाही मान हलवायला लागली. पण वेळ गेला तरी फेस फेसच राहिला. पावसाळी गारठ्यात असं होतं, लोणी धरायला वेळ लागतो. सुभद्रेला ठाऊक होतं. ती निवांत होती. दर खेपेला थोडं कोमट पाणी घालायचं आणि चालू ठेवायचं, दुसरं काय!

बाबू मात्र निवांत नव्हता. त्याने दाजींना घड्याळ बघताना पाहिलं. सुशीलाला रवीकडे बघताना पाहिलं. सुभद्रेच्या कपाळावरचा घाम पाहिला. तिने श्वास घ्यायला म्हणून दोर थांबवला आणि पदराने तोंड पुसलं, तेवढ्यात तो उठला, आत गेला आणि चुलीवर आंघोळीसाठी उकळत ठेवलेल्या पाण्याचा तांब्या भरून आणून त्याने थेट डेऱ्यात ओतला.

"ओ! काय घातलास ता?"

"गरम पाणी. थंडीत गाडी चालू होय नसली की आमी रेडिएटरात गरम पाणी घालू. लगेच धरता."

डेऱ्यातला फेस सगळ्यांच्या डोळ्यांसमोर खाली बसला. वर तेलकट पिवळे डोळे तरंगायला लागले. पळालं लोणी. येण्याआधीच विरघळून पळालं.

सुशीला हळूच म्हणाली, "गेला ता."

बाबूचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने एकदा डेऱ्याकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, आणि तांब्या हातात घेऊन तसाच उभा राहिला. घाटात एकदा ब्रेक फेल झाला होता तेव्हाही त्याचा असा चेहरा झाला नव्हता.

आणि सुभद्रा घाबरली. खरंच घाबरली. सगळ्या श्रावणात पहिल्यांदा. आता रवी कडीतून काढतील, तिचं बोंड पुसतील, सुशीला खांद्यावर घेईल, आणि खांब रिकामा राहील. आपण दारापर्यंत सोडायला येऊ म्हटलं होतं. तिला रडू येणार असं वाटलं, आणि रडू येणार असं वाटलं म्हणून तिला भयंकर राग आला.

"ओ ड्रायव्हर!" ती कडाडली. "इंजिन गरम झाला तर काय करतास?"

"पाणी मारतंय," बाबू यंत्रासारखा म्हणाला.

"कसला?"

"थंड."

"मग बघतास काय! बावीचा पाणी हाडा!"

बाबू जो धावला तो पावसात, अनवाणी, कळशी घेऊन. जेसिंताने मोठं घमेलं ओढून आणलं. विहिरीचं गार पाणी घमेल्यात ओतलं, त्यात डेरा उचलून ठेवला, डेऱ्यातही तांब्याभर गार पाणी घातलं. सुभद्रा ओणवी होऊन डाव्या हाताची बोटं डेऱ्याच्या पोटाला लावून बसली. पाणी कोमट झालं की म्हणायची, "बदला." बाबू पुन्हा विहिरीवर. पाऊस काय, चिखल काय, त्याला कशाचं भान नव्हतं. दाजी घड्याळ बघायचे थांबले आणि डेरा बघायला लागले.

मग पिवळे डोळे हळूहळू विझले. वर दाणेदार साय धरल्यासारखी झाली. सुभद्रेने डेरा चुंबळीवर घ्यायला सांगितला, दोर पुन्हा हाताला गुंडाळला.

"सिंगल डबल काय नाय आता. माझ्याकडे बघा नि वडा."

बाबूने तिच्याकडे पाहिलं आणि ओढलं. ती ओढायच्या आत त्याचा हात सुटत होता. तिला थकवा आला की त्याला कळत होता, तो तेवढाच हलका ओढत होता. रवी घुमत राहिली. सुभद्रेचा खांदा जळत होता, डोळ्यांपुढे अंधारी येत होती, दोर हाताला काचत होता. पण तिच्या हातातलं टोक सुटलं नाही. आणि मग तो आवाज आला. ज्याने लोणी काढलंय त्याला तो सांगावा लागत नाही. इतका वेळ पाण्यात फिरल्यासारखी फिरणारी रवी अचानक जड झाली आणि डेऱ्यात डुबुक डुबुक व्हायला लागलं.

"इला!" जेसिंता ओरडली. "देवा सायबा, इला!"

सुभद्रेने दोर सोडला. डेऱ्यात पिवळट पांढरं लोणी कणाकणाने जमून रवीच्या बोंडाला लगडलं होतं. बाबूने रवी वर उचलून बोंड झटकलं, सगळं लोणी ताकावर तरंगलं. बऱ्यापैकी मोठा गोळा होईल एवढं होतं. बाबू नाक पुसत होता, पावसाचं पाणी असावं.

सुभद्रेने डावा हात गार पाण्यात बुडवला आणि डेऱ्याकडे नेला.

"थांब," सुशीला म्हणाली.

सगळे थांबले.

"डाव्या हातान?" सुशीला म्हणाली. तिच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता. ती खरोखरच गोंधळली होती. "देवाच्या तोंडाक लागतला लोणी, सुभद्रा. डाव्या हातान काढून कसा चलतला? ताक घुसळला ता ठीक. पण ह्या..."

तिने दाजींकडे पाहिलं. दाजींनी सुपारी तोंडात टाकायला घेतली होती, ती तशीच बोटांत राहिली. त्यांनी मान खाली घातली, कारण सुशीला बोलली ते खरं होतं. नैवेद्याला डावा हात कुणी लावत नाही. एवढं सगळं झालं आणि हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, सुभद्रेच्यासुद्धा. बाबू पुढे झाला, "मी काढतंय," म्हणाला, आणि मग त्यालाच आठवलं आणि तो मागे सरला.

सुभद्रेने डेऱ्यातल्या लोण्याकडे पाहिलं. डावा हात डेऱ्याच्या काठावर. मग तिने तो हात मागे घेतला, मांडीवरचा उजवा हात त्याने मनगटाला धरून उचलला, समोरच्या गार पाण्यात बुडवला आणि स्वच्छ धुतला, बोट न् बोट उघडून, बाळाचे हात धुवावेत तसा.

"उजवो हात माझो आसा गो सुशीला," ती म्हणाली. "चलना नाय. पण आसा."

आणि तो हात तिने डेऱ्यात घातला. डाव्या हाताने उजव्याची बोटं लोण्याखाली सरकवली, तळवा वर केला, आणि मनगट खालून उचलायला लागली. बोटं वळत नव्हती. लोणी तळव्यावरून घसरून परत ताकात पडलं. तिने पुन्हा हात बुडवला. पुन्हा घसरलं. आता दोन्ही हात कोपरापर्यंत डेऱ्यात, सगळा भार एका बाजूला, आणि डेरा चुंबळीवर डुगडुगायला लागला. बाबूने हात पुढे केले ते हवेतच राहिले. धरावं की धरू नये हे त्याला कळेना.

डेरा धरला तो सुशीलाने. ती कधी पाटावरून उठली, कधी गुडघ्यावर बसली कुणाला दिसलं नाही. दोन्ही हातांनी डेऱ्याचं पोट घट्ट धरून ती म्हणाली, "घाई करू नको. निवळूंदे जरा. आता घे. खालसून घे."

सुभद्रेने खालून घेतलं. तिचा मेलेला उजवा तळवा लोण्याचा आख्खा गोळा घेऊन ताकातून वर आला. डावा हात खाली होता, पण लोण्याला लागला नव्हता. ताक मनगटावरून ओघळत होतं. तळव्यावर लोणी तसंच बसून होतं, आणि सुभद्रेला काय वाटलं ते तिने नंतर कुणालाच सांगितलं नाही. तिच्या डोळ्यांतून मात्र पाणी गळायला लागलं, झटका आल्यापासून पहिल्यांदाच, आणि पुसायला तिचा एकही हात मोकळा नव्हता.

जेसिंताने केळीचं पान पुढे केलं. सुभद्रेने हात पालथा केला आणि गोळा पानावर ठेवला.

दाजी उठले. त्यांनी सुपारी खिशात टाकली, डोक्यावरची टोपी सारखी केली, देवळाच्या दिशेला तोंड केलं आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. गाऱ्हाणं घालणारा मागतो आणि जमलेल्यांनी होकार द्यायचा असतो. होकार आला नाही तर ते मागणं देवापाशी पोचत नाही.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या परबांच्या सुनेन आपल्या हातान तुझ्या काल्याचा लोणी काढल्यान हा. ता गोड मानून घे. तिच्या हाताक बळ दी. आणि ही रवी हय ह्याच खांबाक ऱ्हवांदे रे म्हाराजा!"

बाबूने तोंड उघडलं, पण त्याची नजर सुशीलाकडे गेली आणि त्याने ते मिटलं. जेसिंताही तिच्याकडेच बघत थांबली. पडवीवर नुसता पाऊस वाजत होता.

सुशीला अजून गुडघ्यावरच होती, डेरा धरून. तिने मान वर केली.

"व्हय म्हाराजा!" ती म्हणाली, एवढ्या मोठ्यांदा की अंगणाबाहेर वाट्या घेऊन उभी असलेली पोरंसुद्धा दचकली.